बातमी खरी की खोटी, एवढेच विचारा: हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

विधानसभा आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही नागपुरात याल तेव्हा आमदार निवासाच्या भिंतींचा रंग ओला असेल. सिव्हिल लाइन्समधले खड्डे बुजलेले असतील. यशवंत स्टेडियमपासून निघालेले मोर्चे टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेले असतील, आणि मुंबईची पत्रकार मंडळी 'सुयोग'मध्ये उतरलेली असतील. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेल्या शब्दापोटी हे अधिवेशन इथे भरते. इकडचे म्हणणे इकडे येऊन ऐकावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून इकडचे एक म्हणणे मांडतो.

या शहरातल्या एका मराठी दैनिकात मी एकतीस वर्षे नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षे डाक आवृत्तीच्या, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाच्या, डेस्कवर गेली. आर्णी, देवरी, सिरोंचा, मूल, कारंजा अशा ठिकाणांहून येणाऱ्या बातम्या वाचायच्या, दुरुस्त करायच्या, कापायच्या आणि पानात बसवायच्या, हे माझे काम. पूर्वी त्या एसटीच्या पाकिटातून यायच्या, मग फॅक्सवर, आता मोबाइलवर येतात. पाठवणारा माणूस मात्र तोच आहे: किराणा दुकान, दोन-चार एकर शेती किंवा शिकवणी वर्ग सांभाळून बातमी लिहिणारा तालुका वार्ताहर. हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

निमित्त सांगतो. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने दहा कोटी रुपये खर्चून माध्यमांवर देखरेख ठेवणारे केंद्र उभारायला मंजुरी दिली. सकाळी आठ ते रात्री दहा, छापील आणि दूरचित्रवाणीवरच्या बातम्या गोळा करायच्या, त्यांची 'सकारात्मक' आणि 'नकारात्मक' अशी वर्गवारी करायची, दिशाभूल करणाऱ्या बातमीचा तत्काळ खुलासा करायचा. खुलाशाला माझी हरकत नाही. चुकलेल्या बातमीचा खुलासा पहिल्याच दिवशी यावा, ठळक छापला जावा, असे मी डेस्कवर असतानाही म्हणत होतो. माझी हरकत त्या दोन रकान्यांना आहे. सरकारी फाइलमध्ये 'नकारात्मक बातमी' हा शब्द एकदा रुजला की तो तिथेच थांबत नाही. तो तहसील कार्यालयात जातो, ठाणेदाराच्या तोंडी येतो, आणि शेवटी वार्ताहराच्या दारात उभा राहतो.

तुमच्यापैकी अनेक जण, सत्ताधारीही आणि विरोधकही, मनापासून असे मानतात की आपला समाज अजून घडतो आहे, रस्ते-धरणे-दवाखाने उभे राहायचे आहेत, अशा वेळी पत्रकारांनी उणेदुणे काढत बसू नये, विकासाला हात लावावा. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मीही याच प्रदेशात वाढलो. इथे दवाखाना झाला की आनंद होतो, आणि त्याची बातमी आम्ही पहिल्या पानावर घेतलेली आहे. पण दवाखान्यात औषध नाही, ही बातमीही विकासाचेच काम करते. खरे तर तीच जास्त करते, कारण उद्घाटनाची बातमी मंत्रालयाला आधीच माहीत असते.

यवतमाळचे उदाहरण घ्या. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. हवेत दमटपणा, अळीचा जोर, आणि वर धरलेल्या पंपाच्या नळीतून उडणारे औषध थेट तोंडावर. फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर चक्कर, उलट्या, डोळ्यांना अंधारी येऊन सरकारी दवाखान्यात भरती होऊ लागले. सुरुवातीला त्या आमच्याकडे सुट्या सुट्या बातम्या म्हणून आल्या: अमुक गावात विषबाधा, एक दगावला. तीन ओळी, चार ओळी. मी त्या आतल्या पानावर लावत गेलो. एका रात्री तालुक्याच्या वार्ताहराने फोन केला. रागावलेला होता. "लोकं मरून राहिले न भाऊ, आन् तुमी त्याले एक कॉलमात टाकून राहिले. एका ठिकाणचं नाही हे. मी सोता वॉर्डात जाऊन मोजून आलो." तो मोजून आला होता, हे महत्त्वाचे. खाटा मोजल्या होत्या, गावांची नावे लिहून आणली होती. मग बातमी पहिल्या पानावर गेली, इतर वृत्तपत्रांतही गेली, वाहिन्या आल्या, मंत्री आले, चौकशी पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. तोवर त्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे गेली होती. ही बातमी तुमच्या केंद्रातल्या कर्मचाऱ्याने कुठल्या रकान्यात टाकली असती, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि ती तीन आठवडे आधी मोठी झाली असती तर किती जण वाचले असते, हे मी आजही रात्री कधी कधी मोजत बसतो. तो उशीर माझ्या हातून झाला आहे.

असाच एक उशीर त्याहून जुना आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, असेच अधिवेशन चालू असताना, गोवारी बांधवांचा मोर्चा विधान भवनाच्या वाटेवर अडवला गेला. दिवसभर भेटायला कुणी आले नाही. संध्याकाळी चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बहुतेक बाया आणि लेकरे. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. तुमच्या गाड्या त्याच भागातून जातात. त्या रात्री आम्ही डेस्कवर नावे उतरवत बसलो होतो. अनेकांच्या गावांची नावे मला पाठ होती, कारण तिथल्या बैठकांच्या, निवेदनांच्या बातम्या त्याआधी माझ्याच हाताखालून गेल्या होत्या. अनुसूचित जमातीत समावेश करा, एवढीच मागणी वर्षानुवर्षे चालली होती. छोट्या बातम्या. निवेदन दिले, धरणे धरले, एवढेच. मुंबईत त्या कुणी वाचल्या का, मला माहीत नाही. पण गावातून येणारा आवाज वेळेवर वर पोहोचला नाही तर काय होते, याचा धडा या शहराने त्या संध्याकाळी रस्त्यावर पाहिला.

जगाच्या पाठीवर हे आधीही घडले आहे. १९४३ मध्ये बंगालात माणसे रस्त्यावर मरत होती आणि सरकारच्या कागदावर दुष्काळ नव्हता. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने ऑगस्टमध्ये भुकेने मेलेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे लंडन-दिल्लीला ते दिसू लागले. तो दुष्काळ लहानपणी पाहिलेले अमर्त्य सेन पुढे अर्थशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी दाखवून दिले की निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडलेला नाही. त्याच्या उलट टोकाला चीन. १९५८ ते १९६१ या काळात खालचे अधिकारी वरच्यांना खूश करणारे पिकाचे आकडे पाठवत राहिले, आणि छापायला कुणी मोकळे नव्हते. कागदावर धान्याचे ढीग होते आणि गावे उपाशी होती. कोट्यवधी माणसे मेली. ज्या राज्यकर्त्याला फक्त चांगली बातमी कळते, त्याला स्वतःच्या गोदामात किती धान्य आहे हेही कळत नाही.

आपल्याकडेही हे चांगल्या अर्थाने घडलेले आहे. शेतकरी आत्महत्यांवर विदर्भातल्या आणि बाहेरच्या पत्रकारांनी वर्षानुवर्षे लिहिले. कुणी त्याला बदनामी म्हटले, कुणी दारूचे, घरगुती भांडणाचे कारण पुढे केले. शेवटी २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या पॅकेजने किती साधले, यावर वाद आहेत. मीही त्यावर कडक लिहिले आहे. पण दिल्लीचे विमान इकडे वळवायला आधी विदर्भाची 'बदनामी' व्हावी लागली, हे तेव्हा तिला बदनामी म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आता ज्या गोष्टीबद्दल सभागृहात जवळजवळ कधीच बोलले जात नाही, ती सांगतो.

वृत्तपत्र स्वातंत्र्य म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर संपादक येतो, अटक येते, सेन्सॉर येतो. ते सगळे खरे आहे. आणीबाणी आम्ही पाहिली आहे, आणि त्या काळात स्थानबद्धांच्या याचिका ऐकल्याच पाहिजेत असे म्हणणाऱ्या न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचे आमचे नागपूर खंडपीठ होते, याचा या शहराला अभिमान आहे. पण तालुक्याच्या गावी स्वातंत्र्य हिरावायला सेन्सॉर लागत नाही. तिथे जाहिरात पुरते.

तालुका वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. मानधन असले तर ते मोबाइलच्या रिचार्जला आणि पेट्रोलला जाते. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हे त्याचे हंगाम. कार्यालयातून टार्गेट येते: पुरवणीसाठी इतक्या हजारांच्या जाहिराती पाहिजेत. मग तो ग्रामपंचायतीत सरपंच-सचिवाकडे जातो, बाजार समितीच्या सभापतीकडे जातो, शाळेच्या संस्थाचालकाकडे जातो, बांधकाम ठेकेदाराकडे जातो. नेमके यांच्याच कारभाराची बातमी त्याने द्यायची असते. जाहिरात उधारीवर लागते, वसुली त्याच्याच अंगावर असते. बिल थकले तर कार्यालय त्याच्या कमिशनमधून कापते. आता त्या सरपंचाच्या नळयोजनेत पाइप कमी जाडीचा टाकला आहे, हे त्याला कळले. काय करील तो?

मी सांगतो तो काय करतो, कारण रात्री साडेदहाला त्याचा फोन मीच घ्यायचो. "भाऊ, बातमी पाठवली आहे, पण माहं नाव नका टाकू. 'प्रतिनिधी' एवढंच टाका." कधी अर्ध्या तासाने दुसरा फोन यायचा: "राहू द्या भाऊ, थांबवा ते. सहा हजार अडकले हाये माहे त्याच्याकडे." मी थांबवली आहे बातमी. एकदा नव्हे. हे लिहिताना मला लाज वाटते आणि ती लपवायचे कारण दिसत नाही. आमच्या मालकांनी, व्यवस्थापकांनी आणि आमच्यासारख्या डेस्कवरच्या माणसांनी ही रचना चालू दिली. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या; पण जो कागदोपत्री नोकरच नाही, त्याला कसला आयोग आणि कसले वेतन.

हाच माणूस सगळ्यात आधी मार खातो. शशिकांत वारिशे कोकणातल्या राजापूरचे. रिफायनरीच्या जमिनींबद्दल लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली चिरडले गेले. राज्य हादरले, चौकशी झाली, अटक झाली. पण त्याआधी, गाडीखाली येण्याआधी, अशा माणसाला किती धमक्या येतात आणि त्या नोंदवायला पोलीस ठाण्यात गेल्यावर काय उत्तर मिळते, हे जिल्ह्याच्या कुठल्याही वार्ताहराला विचारा.

तुम्हीच २०१७ मध्ये पत्रकारांवरचे हल्ले रोखणारा कायदा एकमुखाने केला. २०१९ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास. देशात असा कायदा करण्यात महाराष्ट्र पुढे होता आणि त्याचे श्रेय या सभागृहाला आहे. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि ज्याची नियमित किंवा कंत्राटी नेमणूक आहे, त्याच्याभोवती फिरते. माझ्या किराणा दुकानदार वार्ताहराकडे नेमणुकीचे पत्र नसते. फार तर ओळखपत्र असते, आणि त्याच्या मागे छापलेले असते की ही व्यक्ती संस्थेची कर्मचारी नाही. मार बसतो तेव्हा तो पत्रकार असतो. गुन्हा नोंदवताना मात्र तो दुकानदार होतो.

आमचे दोष मला ठाऊक आहेत आणि ते तुमच्या तोंडून ऐकण्याआधी मीच सांगतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांनी मराठी वृत्तपत्रांची जी अब्रू गेली, ती अजून परत आलेली नाही. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी त्यावर तपशीलवार अहवाल लिहिला, आणि कौन्सिलनेच तो आधी पूर्ण बाहेर येऊ दिला नाही. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. पैसे घेणारे आम्ही होतो. पण पाकीट रिकाम्या जागेतून येत नाही. देणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे उमेदवार होते. वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याबद्दल, न तपासता चालवलेल्या क्लिपांबद्दलही मी कुणाची बाजू घेणार नाही.

तरीही बातमीदार गप्प झाला की जागा रिकामी राहत नाही. १७ मार्च २०२५ ची रात्र आम्ही महाल, हंसापुरी भागात काढलेली आहे. पवित्र मजकूर असलेली चादर जाळली, अशी अफवा मोबाइलवरून फिरली आणि ज्या गल्ल्यांत आम्ही लहानपणापासून ये-जा केली तिथे दगड आणि आग. नंतर काही दिवस संचारबंदी. त्या संध्याकाळी माझ्या ओळखीचे लोक मला फोन करून विचारत होते, "खरं काय आहे?" मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी मला विचारत होते, कारण कुणाला विचारायचे हेच त्यांना कळत नव्हते. वर्षानुवर्षे तुम्ही लोकांना सांगत आलात की पत्रकार विकले गेले आहेत. काही अंशी ते आम्हीच खरे करून दाखवले. मग नेमक्या त्या रात्री, जेव्हा खात्रीचे एक वाक्य लाखमोलाचे होते, ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हते.

एक गोष्ट तुमच्या हातातली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरातला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस, नाग नदीने वस्त्यांत घुसून घरेच्या घरे चिखलाने भरली. सांडव्यासमोरच्या स्मारकाने पाण्याची वाट अडली का, नदीचे पात्र कुणी आवळले, धरणाच्या सुरक्षिततेबद्दल आधी काय सांगितले गेले होते, हे प्रश्न पूरग्रस्तांनी उच्च न्यायालयात नेले आणि वृत्तपत्रांनी महिनोन् महिने लावून धरले. ते छापायला कागद लागतात, कागदासाठी माहितीचा अधिकार लागतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधली जनहिताची अट काढून वैयक्तिक माहिती सरसकट झाकायची सोय केली. ठेकेदाराचे नाव वैयक्तिक, अधिकाऱ्याची सही वैयक्तिक, लाभार्थ्यांची यादी वैयक्तिक, असे उत्तर देणे आता माहिती अधिकाऱ्याला सोपे झाले आहे. कायदा संसदेचा आहे, मला माहीत आहे. पण कलम ८(२) अजून जागेवर आहे. जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. राज्याच्या माहिती अधिकाऱ्यांनी ते कलम वापरावे, असे परिपत्रक काढायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

तेव्हा या अधिवेशनात, लक्षवेधी किंवा तारांकित प्रश्नात, कुणीतरी एवढे विचारा. २०१७ च्या कायद्याखाली आजवर जिल्हानिहाय किती गुन्हे नोंदले, किती दोषारोपपत्रे गेली, किती शिक्षा झाल्या? नेमणूकपत्र नसलेला वार्ताहर त्या कायद्यात कसा आणायचा? माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाने आणि प्रत्येक जिल्हा परिषदेने, महापालिकेने कुठल्या वृत्तपत्राला, वाहिनीला, पोर्टलला किती रुपयांची जाहिरात दिली, याची यादी दर तिमाहीला जाहीर का होत नाही? ती जाहीर झाली तर जाहिरात हे बक्षीस आहे की दंड, ते वाचकच ठरवील. आणि ग्रामपंचायतीच्या पैशातून वार्ताहरामार्फत जाहिरात देण्याची ही पद्धत थांबवून ती थेट जिल्हा माहिती कार्यालयातून जाईल, असे का करता येत नाही? वृत्तपत्रांचे मालक याला विरोध करतील. आमचे काही वार्ताहरही करतील, कारण आज त्यांची चूल त्याच कमिशनवर पेटते. म्हणून सोबत त्यांच्या किमान मानधनाचा प्रश्नही विचारा, मालकांना विचारा, हवे तर सभागृहातून विचारा.

आणि त्या देखरेख केंद्राबद्दल. ते बंद करा, असे मी म्हणत नाही. त्याचे रकाने बदला. बातमी 'खरी' की 'खोटी', हे दोनच रकाने ठेवा. खोटी असेल तर त्याच दिवशी पुराव्यासह खुलासा द्या, 'सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही' हे एक वाक्य पाठवून थांबू नका. खरी असेल तर त्याच्यापुढे तिसरा रकाना असू द्या: त्यावर काय केले.

अधिवेशनाच्या एखाद्या संध्याकाळी तासभर मोकळा असेल तर धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात या. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा मोजून आलेल्या त्या वार्ताहराला मी बोलावतो. त्याची ती वही त्याने अजून जपून ठेवली आहे.

आपला नम्र,
डाक आवृत्तीचा एक निवृत्त उपसंपादक
नागपूर